लोणच्याला दरवर्षी बुरशी येते? आधी ती बरणीत कुठे आलीय ते बघा

आषाढ निम्मा सरला की ठरलेले फोन सुरू होतात. ‘मे महिन्यात घातलं होतं, कैऱ्या कडक होत्या, बरणी चांगली उन्हात तापवली होती, तरी बुरशी आलीच.’ पुढचं वाक्यही ठरलेलं, ‘गेल्या वर्षीही असंच झालं.’ आणि मग सुस्कारा टाकून, ‘जाऊ दे, आता बाजारातली बाटलीच आणते.’ म्हणजे ज्या बाटलीवर भरवसा नव्हता म्हणून एवढा घाट घातला, पुन्हा तीच घरात.

लोणचं बिघडलं की बहुतेक घरांत कृती बदलतात. आत्याची सोडून जाऊबाईंची घेतात, मोहरी वाढवतात, हिंग बदलतात, कुणी वर व्हिनेगर ओततं. कृतीत सहसा खोट नसते. मराठी घरांतल्या कैरीच्या लोणच्याच्या कृती शेजारी शेजारी ठेवून बघा, तेल-मीठ-मोहरीचा हिशेब थोडा इकडेतिकडे, इतकाच फरक. म्हणून मी आधी एकच विचारते: बुरशी नेमकी कुठे आलीय? वर डोकावणाऱ्या फोडीवर, बरणीच्या गळ्याशी, झाकणाच्या आतून, की वर काहीच नाही आणि आत फसफसतंय? जागा कळली की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आधी, ती बुरशीच आहे ना?

पांढरं दिसलं की बुरशी, असं नाही. गळ्याशी लागलेला खार सुकला की मिठाचे बारीक खडे उरतात. कोरड्या काडीने एक कण उचला आणि पाण्याच्या थेंबात टाका, मीठ असेल तर विरघळेल. मोहरीची डाळ तेल-खार पिऊन फुगते आणि पांढुरकी दिसते, तिचे कण मोकळे असतात, एकमेकांना धरून नसतात. थंडीत किंवा फ्रिजमध्ये शेंगदाण्याचं तेल गढूळ होऊन थिजतं, खोलीत ठेवलं की परत पातळ होतं.

बुरशी लवदार असते. कापसाच्या तंतूसारखी उभी राहते, दोन-चार दिवसांत पसरते, मग हिरवट, राखाडी किंवा काळी होते. तिसरी एक गोष्ट असते ती साय: पातळ, सुरकुतलेली, पांढरी, पाण्यावर तरंगणारी, आंबूस वासाची. ही यीस्टची. तेलाच्या लोणच्यात ती क्वचित दिसते. मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या, आवळे, करवंदं यांच्यावर नेहमी. तिचं वेगळं बघू.

मीठ, आंबटपणा आणि तेल

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून एवढा परिच्छेद नीट वाचा. लोणच्यात राखणदार तीन, आणि कुणी कुणाचं काम करत नाही. मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं आणि कुजवणाऱ्या जंतूंना उरलेलं पाणी वापरू देत नाही. कैरीचा आंबटपणा त्याहून घातक जंतू अडवतो. कच्च्या कैरीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३ च्या आसपास असतो, आणि ४.६ च्या खाली बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकत नाही. पण बुरशी या दोघांनाही फारशी भीत नाही. आंबट आणि खारट दोन्ही तिला चालतं. तिला नसली तर चालत नाही अशी एकच गोष्ट म्हणजे हवा, आणि हवा अडवायचं काम तेलाचं. तेल काही मारत नाही, फक्त झाकून ठेवतं.

म्हणून बुरशी आली की मीठ वाढवणं म्हणजे चोर खिडकीतून आला असताना दाराला दुसरं कुलूप लावणं.

वर डोकावणाऱ्या फोडीवर

सगळ्यात जास्त तक्रारी याच. घातलं त्या दिवशी तेल फोडींच्या वर बोटभर होतं, अगदी खरं. पण मोहरीची डाळ आणि मेथी तेल पितात, फोडीही पितात. आठ-दहा दिवसांनी पातळी खाली जाते, दोन-तीन फोडींची टोकं वर येतात आणि बुरशी तिथेच बसते. बाजारच्या लोणच्यासाठीही आपल्याकडचा नियम असाच आहे: वर किमान अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर, नाहीतर एकूण मालात किमान १० टक्के तेल. घरी बरणी रोज उघडली जाते, म्हणून अर्धा सेंटिमीटर कमीच, बोटभर हवं.

उपाय साधा आहे आणि बहुतेकांकडून राहतो तो हाच. लोणचं घातल्यानंतर आठवड्याने बरणी उघडून बघायची, कोरड्या डावाने फोडी खाली दाबायच्या, आणि तेल कमी वाटलं तर वेगळं तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वरून घालायचं. पंधरवड्याने पुन्हा एकदा बघायचं. ‘कमी तेलाचं लोणचं’ हवं असेल तर जरूर करा, फक्त ते फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये लोणचं ठेवण्यात कमीपणा कसला ते मला कधी कळलेलं नाही.

फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची, यामागे दोन कारणं आहेत. गरम तेल ओतून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. दुसरं मोहरीचं. मोहरीतला तो नाकात जाणारा झणका मोहरीत तयार नसतो. दाणा भरडला आणि ओल लागली की आतलं एक एन्झाइम तो तयार करतं, आणि तो झणका बुरशीला आणि जंतूंनाही नकोसा असतो. कडकडीत तेल पडलं तर ते एन्झाइमच मरतं. मग मोहरी नुसती पिवळा रंग द्यायला उरते. पाकिटात वर्षभर पडून राहिलेल्या मसाल्याचंही तसंच, डोळ्यांत पाणी येत नसेल तर त्यातली मोहरी गेलेली.

गळ्याशी

बरणीत मध्ये सगळं छान, फक्त काठाला आतून हिरवट कडं. हे चमच्याचं काम. लोणचं काढताना चमचा काठावर टेकतो, निथळतो, थोडा खार तिथे राहतो. त्यावर तेलाचा थर नाही, हवा भरपूर, आणि पावसाळा.

पावसाळ्याचं गणित सांगण्यासारखं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. मिठाचा डबा जुलैत ओला होतो तो त्यामुळेच. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असते. काठावरचा खाराचा पातळ थर पाणी ओढत राहतो आणि त्यातलं मीठ विरळ होत जातं. सोलापूरच्या मावशीचं लोणचं टिकतं आणि त्याच हाताने रत्नागिरीत घातलेलं बिघडतं, त्यात मावशीच्या हाताचा दोष नाही.

करायचं ते असं. मोठी बरणी पावसाळ्यात रोज उघडायचीच नाही. आठवड्याचं लोणचं छोट्या काचेच्या बाटलीत काढायचं, कोरड्या दिवशी, कोरड्या डावाने. लगेच बरणीचा काठ आतून कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायचा, मग तेलाचं बोट फिरवायचं. जेवणाच्या टेबलावर बाटली जाते, बरणी नाही. ताटातल्या आमटीने ओला झालेला चमचा परत बरणीत जाणं हे बुरशीचं हमखास आमंत्रण, पण ते सगळ्यांनाच माहीत असतं, आणि तरीही मुलांपुढे कुणाचं चालत नाही, म्हणून छोटी बाटली.

झाकणाच्या आतून, दादऱ्यावर

झाकणाला थेंब दिसत असतील तर लोणचं गरम असताना बंद झालं किंवा बरणी अशा ठिकाणी आहे जिथे दिवसा तापते आणि रात्री गार होते. गॅसच्या ओट्याच्या वरचं फडताळ ही त्यातली सगळ्यात वाईट जागा. कुकरची वाफ तिथेच जाते.

दादरा बांधायची पद्धत सुरुवातीच्या दिवसांसाठी चांगली आहे, लोणचं मुरताना वायू निघतो त्याला वाट मिळते. पण कापड ओल धरतं. पाऊस लागायच्या आत, म्हणजे मिरगाच्या आधीच, घट्ट झाकण लावून त्यावर कोरडा दादरा बांधला तर ठीक, नुसता दादरा पावसाळाभर नको.

वर काही नाही, आत फसफसतंय

हे वेगळं दुखणं. बुडबुडे, फेस, झाकण उघडताना फस्स आवाज, वास दारूसारखा. इथे मीठ कमी पडलंय किंवा कैरी पिकायला लागलेली होती. अढीत न घातलेली कैरीही फोडल्यावर आत पिवळसर निघाली तर ती लोणच्याची नाही. आंबटपणा उतरलेला, साखर वाढलेली, यीस्टला मेजवानी. तिचा गुळांबा करा, मेथांबा करा.

मिठाबद्दल दोन गोष्टी. पहिली, वाटीने मोजणं. एक वाटी खडा मीठ आणि एक वाटी बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं, खड्यांमध्ये पोकळी राहते म्हणून खडा मीठ कमी भरतं. आजीची कृती ‘दीड वाटी’ म्हणते ती बारीक कुटलेल्या मिठाची असेल आणि तुम्ही जाडा मीठ घातलं तर मीठ कमीच पडलं. उलट केलंत तर तोंडात धरवत नाही. म्हणून वजन. कोयीच्या आतलं बी आणि पातळ पापुद्रा काढून उरलेल्या फोडींच्या किलोला १८० ते २०० ग्रॅम मीठ धरा. मसाला धरून (तेल सोडून) ते साधारण १२ ते १४ टक्के होतं, आणि मिठावर टिकणाऱ्या लोणच्यासाठी आपल्या अन्नमानकातही किमान १२ टक्केच सांगितलंय. घरच्या अंदाजात आणि सरकारी आकड्यात फरक नाही, ही गंमत.

दुसरी गोष्ट बीपीची. ‘डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणून लोणच्यात निम्मंच घातलं.’ निम्म्या मिठाचं लोणचं वर्षभर बाहेर टिकणार नाही. कमी खायचं असेल तर फोडीऐवजी अर्धी फोड घ्या, किंवा आठवड्यापुरतं ताजं, कमी मिठाचं, फ्रिजमधलं लोणचं करा.

आणखी एक जागा जिथे मीठ गुपचूप निघून जातं. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवलं की पाणी सुटतं. काही घरांत ते ओतून देतात, ‘पाणी राहिलं तर खराब होईल’ म्हणून. त्या पाण्यात तुमचं मीठ आहे आणि कैरीचा आंबटपणाही आहे. ते ओतलं की तिघांतले दोन राखणदार मोरीत गेले. ते लोणच्यातच राहू द्या. फोडी उन्हात सुकवायच्याच असतील तर तेच पाणी मसाला कालवायला वापरा.

पाण्याची मूळ जागा: मंडईतला अडकित्ता

मंडईत कैऱ्या फोडून देणारे बसतात. मोठा अडकित्ता, समोर ओलं गोणपाट, बाजूला पाण्याची बादली, फोडी सरळ पिशवीत. घरी येऊन त्या फोडी आपण धुतो, धुवाव्याच लागतात, कारण गोणपाट बघितलेलं असतं. आणि कापलेली फोड एकदा धुतली की तिच्या कापलेल्या बाजूत पाणी शिरतं, फडक्यावर कितीही पसरली तरी.

कैऱ्या आदल्या दिवशी आणा. अख्ख्याच धुवा, पुसा, देठाकडचा चीक काढा, रात्रभर फडक्यावर सुकू द्या. मग फोडायला न्यायच्या असतील तर नेताना आपलं धुतलेलं सुती फडकं आणि डबा घेऊन जा, आणि अडकित्त्याचं पातं आपल्यासमोर पुसायला सांगा. मंडईवाले पहिल्यांदा बघतात तुमच्याकडे, मग पुसून देतात.

आलेली बुरशी: काढून टाकायची की लोणचंच?

इथे मी कुणाच्या भावना जपत नाही. लवदार बुरशी आली असेल तर लोणचं टाकायचं. ‘वरच्या फोडी काढल्या, बाकी उन्हात ठेवलं, वर गरम तेल घातलं’ ही पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, पण बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या खूप खाली गेलेले असतात आणि काही बुरश्यांची विषं ओल्या पदार्थात पसरतात. ती उन्हाने जात नाहीत, तापवूनही जात नाहीत. चव ठीक लागली म्हणजे विष नाही असं नसतं.

मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या-आवळ्यांवरची पातळ साय मात्र वेगळी. ती नुकतीच आली असेल, लव नसेल, रंग नसेल, पाणी चिकट झालेलं नसेल तर साय काढून टाका, फोडी पाण्याखाली दाबून ठेवायला वर स्वच्छ उकळलेली काचेची वाटी ठेवा. दुर्लक्ष केलंत तर हे यीस्ट आंबटच खाऊन टाकतं आणि मग इतरांना दार उघडं होतं. दुसऱ्यांदा आली तर वाट बघू नका.

बेंझोएट, म्हणजे बेंझोइक आम्लापासूनचं टिकाऊपणाचं रसायन, घालून प्रश्न सुटेल का, असंही विचारतात. लोणच्यात बेंझोइक आम्लाची कायदेशीर मर्यादा किलोला पाव ग्रॅम आहे. पाव ग्रॅम घरच्या चमच्याने मोजता येत नाही, ‘चिमूटभर’ म्हणजे किती हे चिमटीवर अवलंबून. तेल नीट असेल तर त्याची गरजही नाही.

बाजारच्या मालात खरी शंका कुठे घ्यावी

बाटलीबंद लोणच्यातल्या २११ आणि २६० या आकड्यांना लोक घाबरतात. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २६० म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल. मर्यादेत असतील तर मला त्यांची काळजी वाटत नाही. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तेवढं वाचा: कैरीच्या आधी पाणी किंवा मीठ असेल तर पैसे कशाचे देतोय ते कळतं. अनेक कारखाने हंगामात कैरीच्या फोडी मिठाच्या दाट पाण्यात पिंपांत भरून ठेवतात, आणि मग वर्षभर त्यातलं मीठ उतरवून लागेल तसा मसाला लावतात. त्यात बेकायदा काही नाही, पण ती मऊ, एकसारखी फोड आणि व्हिनेगरचा वास तिथून येतो. मला खरी शंका येते ती पिशवीत वजनावर मिळणाऱ्या सुट्या लोणच्याची, ज्यावर ना तारीख, ना १४ आकडी परवाना क्रमांक. तेल कुठलं, किती वेळा तापवलेलं, कुणाला माहीत.

आणि घरी केलं म्हणजे बाजार टळला असंही नाही. मिरची, हळद, मोहरी, हिंग, तेल सगळं बाजारातलंच. तिखटाची पाण्याच्या पेल्यात चिमूट टाकून परीक्षा करतात: रंगाच्या धारा खाली उतरल्या तर कृत्रिम रंग, तळाशी खरखरीत गाळ बसला तर विटेचा भुगा. परीक्षा चांगली आहे, पण अर्धी. सुदान नावाचे बंदी असलेले रंग पाण्यात विरघळतच नाहीत, तेलात विरघळतात, म्हणजे पेला स्वच्छ दिसेल आणि लोणच्याचं तेल सुंदर लाल होईल. २००५ मध्ये ब्रिटनच्या दुकानांतून शेकडो पदार्थ परत घ्यावे लागले ते याच रंगाने, भारतातून गेलेल्या मिरचीपुडीतून. म्हणून लोणच्यापुरती तरी अख्खी ब्याडगी किंवा संकेश्वरी आणा, उन्हात कडकडीत करा आणि डंकावर समोर उभं राहून कांडून घ्या. देठाशी काळी-करडी बुरशी असलेल्या मिरच्या निवडताना बाजूला काढा, मिरचीवरच्या बुरशीतलं विषही दळून-भाजून जात नाही.

हळकुंड आणून दळली की भेसळ टळते असं वाटतं, पण चकाकीसाठी हळकुंडांनाच पिवळं लेड क्रोमेट (शिशाचा विषारी रंग) चोळल्याची प्रकरणं बांगलादेशात सिद्ध झाली आहेत. आरशासारखं पिवळंधमक हळकुंड बघून खूश होऊ नका, मातकट, न घासलेलं बरं. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलेलं असू शकतं: मोहरीचा दाणा गुळगुळीत आणि आत पिवळा, धोत्र्याचं बी खडबडीत आणि आत पांढरं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या याच भेसळीने ६० हून जास्त माणसं दगावली. मूठभर मोहरी पांढऱ्या ताटात पसरून बघायला दोन मिनिटं लागतात.

तयार लोणचे मसाला वापरत असाल तर पाकिटावर मीठ लिहिलंय का ते बघा. बहुतेकांत असतं. किती ते कळत नसेल तर वर सांगितलेलं वजनाचं गणितच करता येत नाही, म्हणून मी तो टाळते.

लसणाचं, मिरचीचं, ओल्या हळदीचं: इथे कैरीचा नियम लावू नका

कैरीत आंबट जन्मजात आहे. लसणात नाही, त्याचा पीएच ६ च्या आसपास. लसूण सोलून नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवला तर तेल हवा अडवतं, बुरशी येत नाही, दिसायला सुरेख. पण बोटुलिझमच्या जंतूला हवा नसलेली, आंबट नसलेली, ओली जागाच हवी असते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका उपाहारगृहात तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोटुलिझम झाला. या विषाला वास नसतो, चव नसते. पापण्या जड होणं, दोन दोन दिसणं, गिळता न येणं, अशी सुरुवात होते, आणि तिथे घरगुती उपाय नाही, थेट रुग्णालय.

लसूण, मिरची, ओली हळद, आलं, गाजर यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चवीपुरतं नको, भिजून वर येईल इतकं हवं, आणि तेल त्यानंतर. औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात. तेल घालायच्या आधी खारात बुडवून ४ च्या खाली आलंय का बघा. आलं-लसूण वाटण तेल घालून ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा, वाटण फ्रिजमध्ये, आणि जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात घालून फ्रीझरमध्ये.

बाकीच्या तक्रारी

फोडी मऊ पडल्या: कैरी कोवळी होती, बाठा धरलेला नव्हता, किंवा उलट पाडाला लागलेली. राजापुरीसारखी जाड, बाठा कडक झालेली कैरी घ्या, आणि प्रत्येक फोडीला कोयीचा कडक तुकडा राहू द्या.

कडू लागतंय: मेथी जास्त तळली गेली. मोहरीचा कडवटपणा असेल तर थांबा, दोन-तीन आठवड्यांत मुरून जातो.

काळं पडलं: लोखंडाचं पातं किंवा हलक्या स्टीलचा डबा. मीठ आणि आंबट मिळून धातू खातात. काच किंवा चिनीमाती, दुसरं काही नाही.

खवट वास: तेल जुनं होतं किंवा भरलेली बरणी उन्हात ठेवली. उन्हात रिकामी बरणी तापवायची. लोणचं अंधारातच मुरतं.

आणि दरवर्षी एकाच बरणीतलं लोणचं बिघडत असेल तर बरणीच बघा. चिनीमातीच्या आतल्या चकाकीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गेले असतील तर त्यांत गेल्या वर्षीचा खार आणि ओल दोन्ही राहतात, हिंगाची धुरी देऊनही निघत नाहीत. शिवाय जुन्या किंवा रंगीत नक्षीच्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबट ते सोडवतं. अशा बरणीत डाळी-कडधान्यं ठेवा. तडे नसतील तर सोड्याच्या गरम पाण्याने घासा, उकळतं पाणी फिरवा, पालथी घालून निथळवा आणि मग उताणी करून दोन कडक उन्हं द्या. झाकणाची रबरी चकती मात्र नवीनच आणा, जुन्या चकतीच्या खाचेत काय असतं ते एकदा टाचणीने खरवडून बघा.